राजीनामा मागितला आणि फादरांनी दिला : अमेरिकी हाऊसच्या चॅपलिनचं प्रकरण

आधी नावांचं सांगून टाकतो. ही खरी घटना आहे, २०१८ ची, आणि शोधलं तर दोन मिनिटांत सगळ्यांची नावं मिळतील. तरी मुख्य तिघांना मी इथं पदानंच म्हणणार आहे, चॅपलिन, स्पीकर (म्हणजे सभागृहाचे अध्यक्ष) आणि स्पीकरचे चीफ ऑफ स्टाफ (त्यांच्या ऑफिसचे प्रमुख). कारण नाव आलं की माणसं लगेच बाजू घेऊन बसतात आणि पद, नियम, कागद हे सगळं राहतं बाजूला. मला त्यातच जास्त इंटरेस्ट आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजचं, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाचं, रोजचं कामकाज प्रार्थनेनं सुरू होतं आणि ती करायला एक पगारी धर्मगुरू असतो, त्याला चॅपलिन म्हणतात. पहिला चॅपलिन १ मे १७८९ ला निवडला गेला, विल्यम लिन नावाचे पाद्री होते, म्हणजे पद देशाच्या राज्यघटनेइतकंच जुनं. आपल्याकडे लोकसभेत किंवा विधानसभेत असलं काही पद नाही, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं की गंमत वाटते, सेक्युलर देश म्हणवतात आणि सभागृहात फादर ठेवलाय. हा प्रश्न तिकडच्यांनाही पडलेला आहे. १९८३ मध्ये नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळातल्या चॅपलिनवरून केस थेट सुप्रीम कोर्टात गेली. तिथले पाद्री १६ वर्षं त्याच जागेवर होते, महिन्याला ३१९ डॉलर ७५ सेंट मिळायचे. कोर्टानं ६ विरुद्ध ३ नं सांगितलं की ही परंपरा पहिल्या काँग्रेसपासूनची (काँग्रेस म्हणजे तिथली संसद) आहे, चालेल, फक्त प्रार्थनेचा वापर धर्मप्रसारासाठी किंवा दुसऱ्या धर्माला कमी लेखण्यासाठी करू नका.

टीव्हीवर दिसते ती मिनिटभराची प्रार्थना, पण खरं काम त्याच्या मागं असतं. ४३५ मेंबर आणि त्यांचा हजारोंचा स्टाफ, कुणाचा बाप गेला, कुणाचं घर मोडतंय, कुणी हॉस्पिटलात आहे, अशा वेळी गुपचूप जाऊन बसायचं. शिवाय गेस्ट चॅपलिन बोलवायचे. १४ सप्टेंबर २००० ला वाजपेयी तिथं भाषण करायला गेले होते त्याच दिवशी ओहायोतल्या एका देवळाच्या पुजाऱ्यांनी हाऊसमधली पहिली हिंदू प्रार्थना म्हटली, ती अशीच गेस्ट म्हणून.

आता कॅथलिक कोन. दोनशेच्या वर वर्षं हाऊसला एकही कॅथलिक चॅपलिन नव्हता. सिनेटला १८३२ मध्ये एक मिळाला होता, तोही वर्षभरापुरता. १९९९ मध्ये जागा रिकामी होणार म्हणून दोन्ही पक्षांच्या मेंबरांची कमिटी नेमली, कमिटीच्या मतांमध्ये एक कॅथलिक फादर सगळ्यात पुढं होते, आणि तरी वरच्या नेत्यांनी प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट, पाद्री उचलला. मग जे व्हायचं ते झालं, कॅथलिक म्हणून डावललं असा आरोप, महिनोन् महिने भांडण, शेवटी त्या पाद्र्यांनी स्वतःच नाव मागं घेतलं आणि २३ मार्च २००० ला त्या वेळच्या स्पीकरनी, डेनिस हॅस्टर्ट यांनी, शिकागोच्या फादर डॅनियल कॉफलिनना नेमून टाकलं. म्हणजे हाऊसचा पहिला कॅथलिक चॅपलिन आला तोच भांडण मिटवायला. ही जखम लक्षात ठेवा, पुढं ती परत ठसठसते.

आपले चॅपलिन हे दुसरे कॅथलिक आणि पहिले जेझुइट. (जेझुइट म्हणजे गोव्यात बसून मराठीत ओव्या लिहिणारे फादर स्टीफन्स ज्या संघाचे, तोच संघ.) माणसाची लाईन बघा, कायद्याची पदवी, १९८३ ला दीक्षा, मग वॉशिंग्टन राज्यातल्या मूलनिवासींच्या वस्त्यांवर धर्मग्राम (पॅरिश) सांभाळले, मग जॉर्जटाऊन युनिव्हर्सिटीत चॅपलिन, आणि २०११ मध्ये बोलावणं आलं तेव्हा ओरेगनमधल्या एका हायस्कुलात धर्मशास्त्र शिकवत होते आणि मुलींच्या सॉफ्टबॉल टीमचे कोच होते. राजकारणातली ओळख शून्य. त्या वेळचे स्पीकर रिपब्लिकन, विरोधी पक्षनेत्याशी बोलून नाव ठरलं. मध्ये थोडं अडलं, कारण त्यांच्या जेझुइट प्रॉव्हिन्सनं (संघाच्या प्रांतानं) तेव्हाच मुलांच्या लैंगिक शोषणाच्या केसेसमध्ये १६.६ कोटी डॉलरची तडजोड केली होती आणि साहजिकच विचारणा झाली. ह्यांच्यावर स्वतःवर काही नव्हतं. २५ मे २०११ ला शपथ झाली.

ठिणगी

साडेसहा वर्षं काही कुरबूर नाही. मग ६ नोव्हेंबर २०१७. रिपब्लिकन पक्षाचं, म्हणजे स्पीकरच्याच पक्षाचं, मोठं टॅक्स बिल चर्चेत होतं आणि त्या दिवशीच्या प्रार्थनेत चॅपलिननी म्हटलं, या देशाच्या व्यवस्थेमुळे काहींना मोठं यश मिळालं, काही मात्र अजून झगडतायत, याची मेंबरांना जाण राहो, आणि नव्या टॅक्स कायद्यात कुणी जिंकलं कुणी हरलं असं न होता फायदा सगळ्या अमेरिकनांना वाटून मिळो.

बस, एवढंच. कुठल्या पक्षाचं नाव नाही, बिलाला पाठिंबा नाही की विरोध नाही.

चॅपलिननी नंतर वर्तमानपत्राला सांगितलं ते असं, की साधारण आठवड्यानं स्पीकरच्या ऑफिसातून कुणीतरी येऊन म्हणालं, आम्हाला ही प्रार्थना आवडली नाही, तुम्ही फार पॉलिटिकल होताय, आणि पुढं स्पीकर स्वतः भेटले तेव्हा म्हणाले, पाद्रे, राजकारणापासून जरा लांब राहा. हे सगळं हसतखेळत, चालता चालता. कागदावर काही नाही.

माझं मत विचाराल तर प्रार्थना हद्दीत होती, पण निरागस नव्हती. 'जिंकलं-हरलं' ही भाषा त्या आठवड्यात प्रत्येक चॅनेलवर चालू होती आणि कायदा शिकलेल्या माणसाला ते कळत नसेल असं कोण म्हणेल. पण गरिबाचा विचार करा हे फादरनं म्हणायचं नाही तर कुणी म्हणायचं? आमच्या वसईत हरित वसईच्या चळवळीत फादर दिब्रिटो रस्त्यावर उतरले तेव्हा पाणी आणि जमीन हा देवळातला विषय आहे का यावरून घराघरांत वाद झालेत, त्यामुळे 'फादर, राजकारण नको' हे वाक्य मला अजिबात परकं वाटलं नाही.

तो शुक्रवार

११ एप्रिल २०१८ ला स्पीकरनी जाहीर केलं की आपण पुढची निवडणूक लढवणार नाही. म्हणजे जानेवारीत तेही जाणार. आणि दोनच दिवसांनी, शुक्रवारी १३ तारखेला, त्यांचे चीफ ऑफ स्टाफ चॅपलिनकडे आले आणि म्हणाले, स्पीकरना तुमचा राजीनामा हवाय.

स्पीकर स्वतः आले नाहीत, फोन नाही, पत्र नाही. चॅपलिननी विचारलं, काही कारण, काही चूक झालीय का. यावर (चॅपलिनच्या म्हणण्यानुसार) चीफ ऑफ स्टाफनी उडवून लावल्यासारखं 'कॅथलिक नसलेला चॅपलिन असायची वेळ आली असेल आता' अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, आणि नोव्हेंबरची ती प्रार्थना आणि एका नियतकालिकाला दिलेली मुलाखत यांचाही उल्लेख केला. चीफ ऑफ स्टाफनी हे नंतर ठाम नाकारलं, आपल्याला संभाषण असं आठवत नाही म्हणाले. दोघांचं म्हणणं वेगळं, त्यामुळे हा मुद्दा आजही तसाच लटकलेला आहे. लक्षात घ्या, स्पीकर स्वतः मिस्साला जाणारे कॅथलिक, त्यामुळे 'कॅथलिकांना हाकललं' हे सरळ चित्र पण बसत नाही.

पर्याय काय होते

इथं थांबूया, कारण सगळं प्रकरण या अठ्ठेचाळीस तासांत आहे.

चॅपलिनसमोर सगळ्यात सोपा रस्ता, सही करून मोकळं व्हायचं. जेझुइटाला आज्ञापालनाचं व्रत असतं, प्रोव्हिन्शियलनं (प्रांतप्रमुखानं) सांगितलं उद्यापासून दुसरीकडे, तर पिशवी भरून निघायचं, तिथं 'का' विचारायची सवयच नसते. पण स्पीकर हा काही त्यांचा प्रोव्हिन्शियल नव्हे! मला वाटतं आयुष्यभराची सवय इथं चुकीच्या माणसासाठी वापरली गेली. अर्थात हे माझं वाचन, त्यांनी असं कुठं म्हटलेलं नाही.

दुसरा रस्ता, लेखी मागायचं. मला कारण द्या, विचार करायला आठवडा द्या. तिसरा, नियम बघायचा. आणि हा तिसरा रस्ता खरा होता, कारण चॅपलिन हा स्पीकरचा नोकर नाहीच. हाऊसच्या नियम २ प्रमाणे क्लर्क, सार्जंट ॲट आर्म्स, चीफ ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर आणि चॅपलिन हे चौघं दर दोन वर्षांनी नव्या काँग्रेसच्या सुरुवातीला सभागृह निवडतं. त्याच नियमात पुढं लिहिलंय की यातल्या पहिल्या तिघांना सभागृह किंवा स्पीकर काढू शकतो. चॅपलिन त्या वाक्यात नाही. आणि प्रथा अशी की बाकी अधिकाऱ्यांसाठी अल्पमतातला पक्ष आपली वेगळी नावं सुचवतो, हरतो, पण चॅपलिनचं मत वेगळं काढायला लावतो आणि तेवढं एक नाव दोन्ही बाजू मिळून पास करतात. म्हणजे अख्ख्या सभागृहात हीच एक खुर्ची आहे जी कुणा एका पक्षाची नसते.

आपल्या सोसायटीसारखं समजा. सेक्रेटरीला जनरल बॉडीनं निवडलंय आणि चेअरमनचा पीए येऊन म्हणतो साहेबांना तुमचा राजीनामा हवाय. पहिला प्रश्न काय विचाराल? साहेबांना तो अधिकार आहे का.

चौथा रस्ता, विरोधी नेत्यांच्या कानावर घालायचं. तो धोक्याचा होता, कारण तसं केलं असतं तर 'बघा, पॉलिटिकल आहेत म्हटलं होतं ना' असं म्हणायला मोकळे.

स्पीकरकडे पण पर्याय होते, आणि ते जास्त सोपे होते. काहीच न करणं हा एक. काँग्रेसची मुदत ३ जानेवारी २०१९ ला संपत होती, चॅपलिनची पण तेव्हाच, नवं नाव पुढं करायचं, विषय संपला. साडेआठ महिने थांबायचं होतं फक्त. किंवा सरळ समोर बसून सांगायचं की मेंबरांच्या तक्रारी आहेत. हे दोन्ही सोडून शुक्रवारी दुसऱ्याच्या हातून निरोप पाठवला, जो माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात महाग निर्णय ठरला.

मग काय केलं

रविवारी, १५ एप्रिलला, चॅपलिननी पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य असं, 'आपण विनंती केल्याप्रमाणे मी हाऊसचा ६० वा चॅपलिन म्हणून माझा राजीनामा सादर करत आहे.' २४ मे पासून लागू. ऑफिसात राजीनामे कसे लिहितात आपल्याला माहितीय, वैयक्तिक कारणास्तव, तब्येतीच्या कारणास्तव. इथं तसलं काही नाही. 'आपण विनंती केल्याप्रमाणे'. हे तीन शब्द पत्रात नसते तर प्रकरण तिथंच मिटलं असतं, निरोपाचा केक कापून.

सोमवारी १६ तारखेला पत्र सभागृहात वाचलं गेलं, स्पीकरनी आभार मानले, कुणाचं लक्ष गेलं नाही. दहा दिवस शांत. मग २६ एप्रिलला बातमी फुटली की हा राजीनामा मागून घेतलेला आहे, आणि भडका उडाला. शंभरावर मेंबरांनी पत्र लिहून कारण विचारलं. २७ ला डेमोक्रॅट्सनी चौकशी कमिटी नेमायचा ठराव आणला, तो २१५ विरुद्ध १७१ नं बाजूला टाकला गेला. स्पीकरनी आपल्या पक्षाच्या बैठकीत सांगितलं की प्रार्थनेचा काही संबंध नाही, मेंबरांना हवी तशी आध्यात्मिक साथ मिळत नव्हती अशा तक्रारी होत्या.

त्यातच भर म्हणजे, नवीन चॅपलिन शोधायच्या कामात असलेल्या एका रिपब्लिकन मेंबरनी, जे स्वतः बॅप्टिस्ट पाद्री होते, पत्रकारांना म्हटलं की कुटुंब असलेला, मोठी मुलं असलेला माणूस मिळाला तर बरं. आता कॅथलिक फादरला बायको-मुलं कुठून असणार? म्हणजे एका वाक्यात सगळे कॅथलिक फादर बाद, नन्स बाद. ते बहुतेक सहज बोलून गेले असतील पण २००० सालची खपली निघाली ती निघालीच. नंतर ते त्या कामातून बाहेर पडले.

या आठवड्यात चॅपलिननी वकील गाठला. म्हणजे जे १३ तारखेला करायचं होतं ते. आणि ३ मे ला दुसरं पत्र दिलं, राजीनामा मागं घेतो. ते पत्र पहिल्यापेक्षा खूप मोठं आणि खूप सरळ आहे. आशय असा की माझ्या कामाबद्दल मला कधी कुणी समज दिली नाही, कुणी तक्रार सांगितली नाही, सांगितली असती तर मी सुधारणा केली असती, ती संधी न मिळता मी कधीच राजीनामा दिला नसता, मला काढायचा पूर्ण अधिकार तुम्हाला आहे असं मी तेव्हा धरून चाललो, आता उरलेली मुदत मी पूर्ण करणार, काढायचंच असेल तर ठोस कारण दाखवून काढा. शुक्रवारचं ते 'कॅथलिक नसलेला' वाक्यही याच पत्रात लिहून टाकलं, म्हणजे आता ते कागदावर आलं.

निकाल

त्याच दिवशी काही तासांत स्पीकरनी माघार घेतली. आपला मूळ निर्णय संस्थेच्या भल्यासाठीच होता असं म्हणाले, साथ कमी पडत होती हा मुद्दाही सोडला नाही, पण चॅपलिनच्या पदावरून लांबलचक भांडण सभागृहाला परवडणारं नाही म्हणून ते राहतील. पुढच्या आठवड्यात दोघं कॉफीला बसले. आधी बसले असते तर, असं मनात येतंच.

जानेवारी २०१९ ला सभागृह डेमोक्रॅट्सकडे गेलं, चॅपलिन परत निवडले गेले, आणि ३ जानेवारी २०२१ पर्यंत राहिले. म्हणजे ज्या स्पीकरनी काढायला बघितलं त्यांच्यापेक्षा दोन वर्षं जास्त. मधल्या काळात त्यांच्या नावानं कोर्टात एक केस पण चालू होती, एका नास्तिक संघटनेच्या नेत्याला गेस्ट म्हणून बोलायचं होतं आणि यांनी नकार दिला होता, एप्रिल २०१९ मध्ये अपील कोर्टानं चॅपलिनच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे एका बाजूनं 'फार पॉलिटिकल', दुसऱ्या बाजूनं 'फार धार्मिक', आणि मधे हा एकटा माणूस.

त्यांच्या जागी मार्गारेट किबेन आल्या, नौदलातल्या निवृत्त रिअर ॲडमिरल, प्रेस्बिटेरियन, आणि या पदावरच्या पहिल्या बाई. कामाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी ६ जानेवारी २०२१, ट्रम्प समर्थकांचा जमाव कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, घुसला आणि त्या सभागृहात उभ्या राहून प्रार्थना म्हणत होत्या. प्रोबेशन पीरियड कसा नसावा याचं उदाहरण.

वेगळं काय करता आलं असतं

स्पीकरच्या बाजूनं, तक्रारी खऱ्या असतील असं धरून चालू. ४३५ माणसांत काहींना फादर आवडत नसणार, शक्य आहे. पण सात वर्षांत एकदाही त्या तक्रारी ज्याच्याबद्दल आहेत त्याच्यापर्यंत पोचल्या नाहीत. मग प्रार्थनेवर नाराजी, पाठोपाठ राजीनामा, आणि कारण विचारलं की तक्रारी होत्या, असा क्रम लागला की खरं कारण पण बहाणा वाटतं. नोव्हेंबरमध्येच दोन ओळी लिहून दिल्या असत्या तरी चाललं असतं.

चॅपलिनच्या बाजूनं मला दोन गोष्टी खटकतात. नोव्हेंबरमध्ये ऑफिसातून माणूस आला तेव्हा ते गंभीर आहे हे त्यांनी ओळखलं नाही, उलट नंतर मुलाखत दिली, आणि 'लांब राहा' म्हणजे नेमकं कशापासून लांब, हे विचारून घेतलं नाही. गरिबांबद्दल बोलायचं नाही? की बिल चालू असताना बोलायचं नाही? ही रेघ कुठं ते दोघांनी मिळून ठरवायला हवं होतं, कारण १९८३ च्या निकालात प्रचार नको एवढंच आहे, टॅक्सबद्दल देवाशी बोलू नये असं काही नाही.

दुसरी गोष्ट तो रविवार. शुक्रवारी निरोप आला आणि रविवारी पत्र तयार. कुणी तारीख दिली होती? घाई कुणाला होती, तर समोरच्याला. नियम २ चा अर्थ सांगायला हाऊसमध्ये पार्लमेंटेरियन नावाचा अधिकारी असतो, दोन्ही पक्षांना नियम समजावून देणं हेच त्याचं काम. सोमवारी सकाळी तिथं जाऊन एक प्रश्न विचारायचा होता. चॅपलिनचं ऑफिस कॅपिटॉलमध्ये आहे, आणि पार्लमेंटेरियनचं पण.